पाटल्या कपाटातच राहू द्या

या आठवड्याचं पत्र त्रिमूर्तीनगरहून आलं आहे. थोडं कापून देते. कंपनीचं नाव मुद्दाम काढलं आहे.

«ताई, मी ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवतो, एमएस्सी मायक्रोबायॉलॉजी आहे. दीड वर्षापूर्वी एका छोट्या बायोटेक कंपनीचे १,००० शेअर ८४ रुपयांनी घेतले. नवीन औषधाची फेज टू चाचणी सुरू झाल्याची बातमी आली आणि भाव १९० वर गेला. तेव्हा, म्हणजे आठ महिन्यांपूर्वी, मुलीच्या नीट कोचिंगसाठी ठेवलेली एफडी मोडून आणखी १,५०० घेतले. भाव २१२ पर्यंत चढला. स्टाफरूममध्ये मी हिरो! तिघा सहकाऱ्यांनी आणि आमच्या शिपाईभाऊंनीही माझं पाहून घेतले. मग १५० वर आला तेव्हा टेलिग्रामच्या एका ग्रुपवर "स्वस्तात मिळून राहिला, उचला" असं आलं, म्हणून ५०० अजून. त्यानंतर सलग लोअर सर्किट, म्हणजे एका दिवसात जितका पडू देतात तितका भाव रोज पडला. आज ६१ आहे आणि शेअर ट्रेड-टू-ट्रेडमध्ये (म्हणजे घेतला त्याच दिवशी विकता येत नाही) टाकला आहे. बायकोला यातलं काही माहीत नाही. तिच्या पाटल्या तारण ठेवून दोन लाख उचलावे आणि ॲव्हरेज करावं, असं मनात येऊन राहिलं. औषध चांगलं आहे ताई, विज्ञान मला कळते. स्टाफरूममध्ये कोणी धड बोलत नाही. परवा एकानं म्हटलं, यंदा मारबतीच्या मिरवणुकीत बडग्या (पुतळा) सरांचाच काढू. मी काय करू?»

सर,

पत्र वाचून आधी वही काढली. बँकेत बत्तीस वर्षं घालवल्यावर ही खोड जात नाही. माणूस समोर डोळे पुसत बसलेला असला तरी हात बेरजेकडेच जातो. तर ८४ ने १,००० म्हणजे ८४ हजार, १९० ने १,५०० म्हणजे २ लाख ८५ हजार, १५० ने ५०० म्हणजे ७५ हजार. एकूण ३,००० शेअर, ४ लाख ४४ हजार रुपये, सरासरी भाव १४८. आजच्या ६१ नं त्याचे होतात १ लाख ८३ हजार. तूट २ लाख ६१ हजार. हा आकडा तुमच्या पत्रात कुठंच नव्हता. भाव सगळे लिहिलेत, बेरीज मात्र टाळलीत.

आता हीच बेरीज जरा निरखून बघा. सगळ्यात स्वस्तात घेतले तेव्हा ८४ हजार लावले आणि सगळ्यात महाग होते तेव्हा पावणेतीन लाखांच्या वर. यासाठी तुम्हाला मूर्ख म्हणणार नाही, कारण बहुतेक जण असंच करतात. भाव वाढला की आपला अंदाज बरोबर होता असं वाटतं, आणि अंदाज बरोबर वाटला की हात सैल सुटतो. भाव २१२ होता त्या दिवशी तुमच्याकडे कागदावर १ लाख ६१ हजारांचा नफा होता. त्या संध्याकाळी लक्ष्मीभुवन चौकात कॉफी कुणी पाजली असेल, हे सांगायला ज्योतिषी नको.

पाटल्यांचं आधीच सांगून टाकते. नाही. दोन लाखांत ६१ च्या भावानं साधारण ३,२८० शेअर येतील आणि सरासरी १०३ च्या आसपास उतरेल. ऐकायला छान आहे. पण मग एकाच छोट्या कंपनीत ६ लाख ४४ हजार अडकतील, त्यातले दोन लाख व्याजाचे, आणि नुसती मुद्दल निघायलाही ६१ चे १०३ व्हावे लागतील. भाव आणखी पडला तर कंपनी तुम्हाला पत्र लिहिणार नाही, बँक लिहील. सोनं तारणाच्या थकलेल्या खात्यांचे लिलाव मी समोर बसून पाहिले आहेत आणि तिथं आलेल्या बायकांचे चेहरेही. शिवाय पाटल्या तुमच्या नाहीतच. ते स्त्रीधन आहे, त्यावर हक्क तिचा.

‘ॲव्हरेज करणं’ हा शब्द फार फसवा आहे. कुठंतरी दुरुस्ती चालली आहे असं वाटतं. असते ती नवी खरेदी. आज तुमच्याकडे या कंपनीचा एकही शेअर नसता, तर बायकोच्या पाटल्या ठेवून तो ६१ ला घेतला असता का? उत्तर मला कळवू नका.

आता तुमचं ‘विज्ञान मला कळते’. कळतं, याबद्दल शंका नाही. पण तुम्हाला जे कळतं आणि तुम्ही जे विकत घेतलं, त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

माझं आजोळ काटोलचं. घरी संत्र्याची बाग होती. आंबिया बहाराची फुलं जानेवारी-फेब्रुवारीत येतात, माल तोडायला दिवाळीच्या आगेमागे. पण व्यापारी फळ पिकायची वाट बघत नाही. बाग फुलावर किंवा बारक्या फळांवर असतानाच येतो, फेरी मारतो, झाडं मोजतो, इसार देतो. मामा झाडाचे डॉक्टर होते म्हणा ना. पान बघून सांगायचे कुठल्या झाडाला काय कमी पडलं. पण सौदा त्यांना कधी जमला नाही. फुलोरा बघून त्यांचं मन भरून यायचं. व्यापारी मात्र फुलं बघायचाच नाही. गळ किती होईल, विहिरीला एप्रिलपर्यंत पाणी पुरेल का, मालकाला पैशांची घाई किती आहे, हे तीनच प्रश्न त्याच्या डोक्यात असायचे.

छोटी बायोटेक कंपनी म्हणजे फुलावरची बाग. तुम्ही मामांसारखे फुलं बघून आलात.

गळ किती होते हे तुम्ही मुलांना शिकवतही असाल. फेज वनमध्ये थोड्या लोकांवर औषध सोसतं का ते बघतात, फेज टूमध्ये शंभर-दोनशे रुग्णांवर ते काही काम करतं का ते, आणि फेज थ्रीमध्ये शेकडो-हजारोंवर ते आधीच्या उपचारापेक्षा सरस आहे का ते. फेज वनमध्ये पाऊल टाकलेल्या दहा औषधांतलं जेमतेम एक बाजारात पोचतं आणि सगळ्यात मोठी गळ फेज टूमध्येच होते. ‘फेज टू सुरू’ ही बातमी ऐकून बाजार १९० ला पोचला, तेव्हा बाग सगळ्यात धोक्याच्या महिन्यात शिरत होती.

आणि गळ व्हायला लबाडीच लागते असंही नाही. आपल्याकडे सन फार्मा ॲडव्हान्स्ड रिसर्च कंपनी आहे, बाजारात तिला स्पार्क म्हणतात. मागे बलदंड घराणं, माणसं शास्त्रज्ञ. मार्च २०२४ मध्ये पार्किन्सनवरच्या व्होडोबॅटिनिबचा उपयोग दिसत नाही म्हणून चाचणी थांबवावी लागली, आणि जून २०२५ मध्ये सोरायसिस-एक्झिमावरचं एससीडी-०४४ फेज टूमध्ये बसलं. दोन्ही वेळा शेअर जोरात आपटला. अमेरिकेत तर याची शाळाच आहे. ॲक्सोव्हंट नावाच्या कंपनीनं एका मोठ्या औषध कंपनीनं बाजूला ठेवलेलं अल्झायमरचं औषध ५० लाख डॉलरला घेतलं आणि २०१५ मध्ये त्या जोरावर बाजारातून ३१.५ कोटी डॉलर उचलले. सप्टेंबर २०१७ मध्ये फेज थ्रीचा निकाल आला: औषध चालत नाही. एका दिवसात शेअरची जवळपास तीन चतुर्थांश किंमत गेली. ज्यांनी घेतला होता त्यांच्यातही पीएचडीवाले होतेच की.

चढही आहेत, नाही कशाला म्हणू? १९७८ मध्ये बंगळूरच्या एका गॅरेजमध्ये सुरू झालेली बायोकॉन मार्च २००४ मध्ये ३१५ रुपयांना बाजारात आली, तेव्हा आमच्या सीताबर्डीच्या शाखेत फॉर्म भरायला अशी गर्दी झाली होती की कॅशियरनं जेवण सोडलं. पण बायोकॉन त्या वेळी फुलावरची बाग नव्हती. एन्झाइम आणि औषधांचा कच्चा माल विकून वर्षानुवर्षं नफा कमावणारी कंपनी होती ती. मी काय केलं? मला तो मिळाला नाही म्हणून, नावाच्या शेवटी ‘बायो’ असलेली दुसरीच एक चिल्लर कंपनी घेतली. नाव सांगत नाही. चार वर्षांनी तिची खरेदी-विक्री बंद झाली. आजही डिमॅटच्या स्टेटमेंटवर ती दर महिन्याला येते, ७०० शेअर, किंमत शून्य. आमचे हे म्हणतात, ती तुझी दत्तक मुलगी आहे, राहू दे.

विहिरीच्या पाण्याचं मात्र तुम्ही बघितलंच नाही, आणि पत्रातली हीच गोष्ट मला सगळ्यात जास्त खटकली. औषध बाजारात येईपर्यंत अशा कंपनीला विक्रीतून काही मिळत नाही. प्रयोगशाळा, पगार, चाचणीचा खर्च, सगळं शिलकीतून. मार्च आणि सप्टेंबरच्या निकालांबरोबर कंपनीला ताळेबंद द्यावा लागतो आणि तो मुंबई शेअर बाजाराच्या, म्हणजे बीएसईच्या साइटवर फुकट बघता येतो. त्यात बँकेतली शिलक किती, सहा महिन्यांत किती संपली, एवढा भागाकार करा. शिलक आठ-दहा महिन्यांची आणि फेज टू संपायला दोन वर्षं, असं निघालं तर कंपनी पुन्हा पैसे मागायला येणार, हे लिहून ठेवा.

आणि ती तुमच्याकडे येत नाही. निवडक लोकांनाच नवे शेअर देते (प्रेफरन्शियल अलॉटमेंट), किंवा पुढे ठरलेल्या भावानं शेअर घेण्याचा हक्क देते (वॉरंट). वॉरंटमध्ये घेणाऱ्यानं आधी फक्त २५ टक्के रक्कम भरायची असते, उरलेली अठरा महिन्यांत. या काळात भाव चढला तर बाकी पैसे भरून शेअर घ्यायचे, पडला तर २५ टक्क्यांवर पाणी सोडून मोकळं व्हायचं. तुम्हाला अशी सवलत कुणी दिली होती का? आणि एक कोटी शेअर असलेल्या कंपनीनं चाळीस लाख नवे काढले, तर औषध यशस्वी झालं तरी तुमच्या ताटातली पोळी आधीच लहान झालेली असते. शेअरहोल्डिंग पॅटर्नमध्ये, म्हणजे कुणाकडे किती शेअर आहेत त्या तक्त्यात, गेल्या सहा तिमाहींत प्रवर्तकांचा वाटा कमी झाला का, शेअर गहाण आहेत का, हेही दिसतं. १९० ला तुम्ही विकत घेत होतात तेव्हा विकणारं कोण होतं, याचा थोडा वास तिथं येतो.

अफवांबद्दल एक नियम लक्षात ठेवा. बाजारातल्या अफवेला खरं-खोटं म्हणून उत्तर देण्याचं बंधन सेबीनं, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या संस्थेनं, घातलं आहे, पण ते बाजारमूल्यानं पहिल्या २५० कंपन्यांवर. तुमच्या कंपनीवर नाही. टेलिग्रामवर ‘परदेशी कंपनी घेणार आहे’ असं कुणी लिहिलं, तर कंपनी गप्प बसून राहू शकते. ‘उचला’ म्हणणाऱ्याचा नोंदणी क्रमांक तुम्ही विचारला होता का? रिसर्च ॲनॅलिस्टचा आयएनएचनं सुरू होतो, गुंतवणूक सल्लागाराचा आयएनएनं, आणि दोन्ही सेबीच्या साइटवर तपासता येतात. मार्च २०२३ मध्ये साधना ब्रॉडकास्ट या कंपनीच्या शेअरच्या प्रकरणात सेबीनं अंतरिम आदेश काढला तो याच धर्तीवर: यूट्यूबवर व्हिडिओ टाकून भाव चढवायचा आणि वरच्या भावात आपला माल खपवायचा, असा आरोप. (माझ्याकडे यातला कुठलाही क्रमांक नाही, मी निवृत्त बँकवाली आहे. पुढचं त्या हिशेबानं वाचा.)

लोअर सर्किटचं तुम्ही भोगलंच आहे. रोज पाच टक्के असे दहा दिवस लागले की १५० चे ९० होतात आणि मध्ये घेणारा कुणी नसल्यानं स्टॉपलॉस (ठरलेल्या भावाला आला की विकायची ऑर्डर) नुसता लटकून राहतो.

तुमच्या जागी मी असते तर काय केलं असतं, ते सांगते. भाव कुठं जाईल ते ठाऊक आहे म्हणून नाही. मुलगी पुढच्या जूनमध्ये अकरावीला जाणार आहे, हे ठाऊक आहे म्हणून. दहा महिन्यांनी लागणारा पैसा फेज टूच्या निकालावर टांगून ठेवायचा नसतो. मी ३,००० पैकी २,००० विकले असते. एका दिवसात जातीलच असं नाही, मर्यादा भावाची ऑर्डर टाकून आठवडाभर लागला तरी चालेल. १ लाख २२ हजार येतील, ते सरळ एफडीत. कराच्या हिशेबात डिमॅटमधला सगळ्यात जुना शेअर आधी विकला गेला असं धरतात. म्हणजे ८४ वाले १,००० आधी जातील, त्यात २३ हजारांचा दीर्घ मुदतीचा तोटा, मग १९० वाल्यांतले १,०००, त्यात १ लाख २९ हजारांचा अल्प मुदतीचा. अल्प मुदतीचा तोटा दोन्ही प्रकारच्या नफ्यातून वळता होतो, दीर्घ मुदतीचा फक्त दीर्घ मुदतीच्या. विवरणपत्र वेळेत भरलं तर दोन्ही आठ वर्षं पुढे ओढता येतात. तारीख चुकवू नका, आपल्याकडे ती चुकवायची हौस फार.

उरलेले १,००० ठेवा. औषध चांगलं आहे असं तुम्हाला मनापासून वाटतं ना? मग सुरुवातीला जेवढ्यावर तुमचा भरवसा होता, तेवढेच राहू द्या. त्यांचं शून्य झालं तरी घरातली चूल विझणार नाही.

बायकोला मात्र या रविवारीच सांगा. एफडीची पावती तिनं कधी ना कधी विचारणारच आहे, आणि तिनं विचारल्यावर सांगणं वेगळं, आपण होऊन सांगणं वेगळं. सांगताना कागद घेऊन बसा. ४,४४,००० आणि १,८३,००० हे दोन आकडे आधी सांगायचे, औषधाची गोष्ट नंतर, तीही विचारली तर. ती चिडेल. दोन दिवस वरणभात मुकाट वाढेल. पण पाटल्यांचा विचार मनात आला होता, हेही लपवू नका. तो विचार तिच्यापासून लपून राहिला, तर पुढच्या पडझडीत पुन्हा वर येईल.

स्टाफरूमचं काय करायचं? बडग्याची थट्टा हसून सोडून द्या, नागपुरात बडग्या कुणाचा निघत नाही? तिघे सहकारी पगारदार आहेत, शिकलेले आहेत, त्यांनी आपली जबाबदारी आपण घ्यावी. त्यांना फक्त स्वतःचे आकडे खरे सांगा. शिपाईभाऊंचं तसं नाही. तुमच्याकडे ८४ चे शेअर होते आणि तुम्ही नफ्यात होतात, त्यांनी मात्र तुमच्या शब्दावर वरच्या भावात घेतले. त्यांनी किती लावले ते तुम्ही पत्रात लिहिलं नाही. विचारलं नसावं असं मला वाटतं. कायद्यानं तुम्ही त्यांचं काही देणं लागत नाही. तरी कॉलेज सुटल्यावर पानठेल्यावर नको, त्यांच्या घरी जा. पैसे कुठून आणले ते विचारा. व्याजानं काढले असतील तर आपण विकणार त्याच दिवशी त्यांनाही कळवा, आणि त्यांचा तोटा तुम्हाला झेपण्याइतका असेल, तर काही वाटा उचलायला माझी ना नाही. सहकाऱ्यांपैकी कुणी म्हणालं की मग आम्हाला काहून नाही, तर म्हणू द्या.

एक काम मात्र तुमच्या आवडीचं आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) औषध-चाचण्यांची नोंदवही, क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री किंवा सीटीआरआय, २००७ पासून चालू आहे आणि २००९ च्या जूनपासून आपल्याकडच्या चाचण्यांची नोंदणी तिथं सक्तीची आहे. कंपनीचं आणि औषधाचं नाव टाकून शोधा. रुग्ण किती घ्यायचे ठरले, मुख्य मोजमाप कोणतं धरलं, ते मध्येच बदललं का, किती रुग्णालयांत चाचणी आहे, भरती सुरू झाली की नुसती नोंद आहे, सगळं तिथं असतं. तुमचं मायक्रोबायॉलॉजी खरं तिथं उपयोगी पडेल, आणि हे कॉलेजच्या मोकळ्या तासात होण्यासारखं आहे. रुग्णांची संख्या किती निघाली ते मला जरूर कळवा. तुमचं पत्र आल्यापासून माझ्या डोक्यात तोच प्रश्न घोळतोय.

तुमची,
ताई